चोविसावी अंगठी

कोरगावच्या चंद्रावतीला पेडणे तालुक्यातल्या निम्म्या पोरांचे वाढदिवस तोंडपाठ होते, आणि त्यातल्या एकाही वाढदिवसाला तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणार तरी कशाला? केक कापून झाला की पाहुण्या पोरांच्या हातात जी पिशवी देतात, चकचकीत, वर रिबीन बांधलेली, ती कुणीतरी घरात बसून भरतं हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. लोकांना वाटतं, पिशव्या दुकानातच पिकतात.

पेडण्याच्या बाजारात गोकुळदासचं फॅन्सी स्टोअर्स होतं. तो बसच्या कंडक्टरजवळ पोतं द्यायचा. पोत्यात शिट्ट्या, भिंगऱ्या, फुगे, रबरी साप, खोडरबरं आणि रिकाम्या पिशव्या. दोन दिवसांनी तेच पोतं भरल्या पिशव्यांचं होऊन परत जायचं. आठ वर्षं हे चाललं होतं. लेक योगिता लग्न होऊन डिचोलीकडे मुळगावला गेली, नवरा आनंदा वारला, आणि घरात राहिली चंद्रावती, एक ठिपक्यांची कवडी कोंबडी आणि हे पोतं.

त्या खेळण्यांची जात तुम्हाला ठाऊक आहे. नाकाजवळ नेलं की रॉकेलसारखा वास, ओढलं की निघतं, दाबलं की तडकतं. कारखान्यात ज्यानं केलं त्याला पोर दिसलं नाही, आणि दुकानात ज्यानं विकलं त्याला पोराचा फक्त बाप दिसला. चंद्रावतीला मात्र पोर दिसायचं. ती प्रत्येक शिट्टी ओठावरून फिरवून बघायची. बोट फसतं, ओठ फसत नाही, असं तिचं म्हणणं. कुठं टोक लागलं की ते उंबऱ्याच्या दगडावर घासून गुळगुळीत करायची.

गोकुळदास चेष्टा करायचा. "चंद्रावतीबाय, पोरां दोन दिवसांत मोडून टाकतली ती वस्तू. तुमी नथीसारखी घासतात."

"मोडू देत. पण मोडतली तोंडात घालून, म्हणून घासतंय," ती म्हणायची.

पिशव्या भरायचीही तिची रीत ठरलेली. सारवलेल्या जमिनीवर पिशव्या ओळीनं मांडायच्या, आधी सगळ्यांत शिट्टी, मग सगळ्यांत फुगा, मग पुढचं. एक पाकीट चोविसाचं, पिशव्या चोवीस. पाकीट रिकामं झालं की पिशव्या भरल्या, परत मोजायची गरज नाही. आठ वर्षांत एक पिशवी कमी भरली म्हणून गोकुळदासकडे कुणी आलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला अभिमान होता. दुसरं काही अभिमान धरण्यासारखं तिच्याजवळ नव्हतंही.

आणि एक सांगायला हवं, तिला स्वतःला सांगायची लाज वाटायची तरी. त्या पोत्यात हल्ली उजेड पाडणाऱ्या अंगठ्या यायच्या. प्लास्टिकची अंगठी, वर फुगीर फूल, दाबलं की आत लाल, हिरवा, निळा दिवा लागून फिरायला लागतो. मे महिन्यातल्या कुणाच्या तरी वाढदिवसातली एक उरली होती. ती चंद्रावतीनं कोनाड्यात ठेवली. दिवेलागण झाली, देवापुढं दिवा लावून झाला, की काजूच्या डोंगराच्या पायथ्याच्या त्या एकट्या घरात ऐकायला काही उरायचं नाही. दीर-जावेचं मोठं घर पाणंदीच्या पलीकडे. चवथीचा गणपती तिकडे, माणसं तिकडे, टीव्ही तिकडे. मग ती अंगठी बोटात घालून जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, बसायची आणि भिंतीवर रंग फिरताना बघायची. पन्नाशी उलटलेली बाई पोरांच्या खेळण्याशी खेळते हे कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. पण पाहणार कोण?

आता वज्याची गोष्ट. आपल्याकडे मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला तिच्या सासरी वजें जातं. नेवऱ्या, लाडू, खाजं, नारळ, फळं, टोपल्या भरभरून. आणि सासरची माणसं ते घरात ठेवून घेत नाहीत, सगळ्या वस्तीत, वाड्यावर घरोघर वाटतात. कुणाच्या सुनेचं वजें केवढं आलं हे साऱ्या वाड्याला कळतं ते असं. योगिताचं लग्न वैशाखात झालं आणि श्रावणात आनंदा गेला. सुतक पडलं, वजें राहिलं. पुढच्या वर्षी हातात काही नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी नातू विशाल झाला, त्यात गेलं. चार वर्षं झाली. विहीणबाई वाईट नव्हती, पण एका लग्नात चारचौघींत म्हणाली, "आमच्या वाड्यार सगळ्या सुनांची वज्यां वाटून झाली. एकच रवलां हा." योगिता तिथं उभी होती. त्या दिवसापासून तिचे फोन आखूड झाले. बरी आहेस ना, बरी आहे, ठेवते.

यंदा चंद्रावतीनं ठरवलं, वजें पाठवायचं आणि असं पाठवायचं की वाड्यानं तोंडात बोट घालावं. नेवऱ्या-लाडू काय, सगळ्यांचेच असतात. हिनं लेकीला फोन करून विचारलं, वाड्यावर पोरं किती? योगितानं मोजून सांगितलं, विशाल धरून चोवीस. चंद्रावतीनं प्रत्येक पोरासाठी एक पिशवी भरली. गोकुळदासनं अंगठ्यांचं नवं पाकीट चवथीचं म्हणून दिलं. अंगठ्या सगळ्यांत शेवटी घालायच्या होत्या, आणि नेमकी त्याच वेळी, सातच्या सुमाराला, वीज गेली. तिनं अंगठीच्याच उजेडात राहिलेल्या पिशव्या भरल्या, हात घालून पाकीट रिकामं झाल्याचं पाहिलं आणि रिबिनी बांधून टाकल्या. पाठ मोडून आली होती. अंगठी कोनाड्यात टाकून ती जेवलीच नाही, तशीच आडवी झाली. पुढचे दोन दिवस नेवऱ्या तळण्यात गेले.

चवथीच्या आदल्या दिवशी जावई सतीश पिकअप घेऊन आला. तो खाणीवर ट्रक चालवायचा, पिकअप मित्राची होती. चंद्रावती नवी साडी नेसून तयार होती. जाऊ पाणंद ओलांडून आली आणि हळूच म्हणाली, "तू खंय जातंस? वजें घेऊन विधवा बाईन जावचा नसता." सतीशनं ऐकलं आणि तो टोपल्या चढवायला लागला. टोपल्या गेल्या, पिशव्या गेल्या, चंद्रावती दारात उभी राहिली.

पण संध्याकाळी फोन आला, आणि तो आखूड नव्हता. "आई, सगळो वाडो खूश झालो," योगिता म्हणाली. "पोरां नाचाक लागली. सासूबाय म्हणाली, ह्याका म्हणतत वजें." मग विशाल फोनवर आला आणि अंगठी लागली, अंगठी लागली म्हणून ओरडत राहिला. चंद्रावतीनं फोन ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. चार वर्षांनी लेकीच्या घराचं दार तिच्यासाठी उघडलं होतं.

त्याच दिवशी सकाळी कंडक्टरनं पुढच्या ऑर्डरचं पोतं टाकलं होतं. ते उघडताना दोनतीन अंगठ्यांची बुडं सुटलेली दिसली. स्क्रू नाही, काही नाही, नुसतं चिकटवलेलं झाकण. एकातून चांदीच्या बटणासारखी बॅटरी घरंगळली आणि कवडी कोंबडीनं चोच मारून गिळली. चंद्रावती हसली तिला. "खा, तुझी पण चवथ," म्हणाली.

चवथीच्या दिवशी कोंबडी मान लांब करून बसून राहिली. चोचीतून फेस गळत होता. पंचमीला सकाळी ती टोपल्याखाली आडवी पडलेली मिळाली. काय झालं हे चंद्रावतीला बघायचंच होतं. तिनं विळीवर मान चिरली. बटण घशातच अडकलं होतं, आणि त्याच्याभोवतीचं मांस चुलीत पडल्यासारखं काळं, जळून आरपार भोक पडलेलं. तिनं बोट लावून पाहिलं आणि विळीपाशीच बसून राहिली. एवढी धडधाकट कोंबडी, दगड पचवणारी. चोवीस पोरं तिच्या डोळ्यांपुढं आली, तोंडात अंगठी धरलेली.

आधी तिनं गोकुळदासला फोन लावला.

"कोंबडी काय, कायव गिळता," तो म्हणाला. "हीच अंगठी मुंबयक जाता, बेळगावाक जाता. मगे तिथली पोरां मेली काय?"

"मेली काय नाय, तुमी कधी इचारलांत?"

मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाय, चवथीचे दिवस आसत. दिलेलां वजें परत मागूक जातालात? अक्कल खंय ठेवलात? आणि गेलात तर माझा नाव घेव नकात."

मग तिनं योगिताला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मागे भांड्यांचा आवाज, माणसांचा आवाज.

"आई, पावणे चाय-फराळाक बसतत. मी मागीर बघतंय."

"मागीर नको गो. आताच अंगठ्यो काढून घे सगळ्या पोरांकडल्यो."

"आणि सासूबाईक काय सांगू? माझ्या आवशीन जां दिल्यान, तां ती परत मागता?"

"होय. तसाच सांग."

योगितानं फोन ठेवला. चंद्रावतीनं पुन्हा लावला, तर उचलला नाही.

आज मुळगावला गेलं तर उघडलेलं दार परत बंद होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. लेकीला चढलेलं वजें आपल्या हातानं उतरवून आणायचं म्हणजे लेकीची मान कायमची खाली. आणि नाही गेलं तर? तिनं मेलेली कोंबडी माडाच्या आळ्यात पुरली, हात धुतले, रिकामा दूधपावडरचा डबा पिशवीत घातला आणि बसला उभी राहिली.

पंचमीला बसेसचा काय तो आनंद! कोरगावहून म्हापशाला, म्हापशाहून डिचोलीला, तिथून मुळगावला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. घरात जेवणं उरकत आली होती. फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली गणपती बसला होता, पाच दिवसांचा. चंद्रावतीला दारात बघून योगिताचा चेहरा पांढरा पडला. विहीणबाईनं मात्र हसत पाट मांडला.

चंद्रावती बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, पाहुण्यांसमोर. कोंबडीचं सांगितलं. एक म्हातारा पाहुणा हसला.

"विहीणबाय," विहीण म्हणाली, "आमच्या वाड्यार वजें कमी पडलेलां मी बघलंय. परत घेवक इलेला नाय बघूक."

"मी पण नाय बघूक," चंद्रावती म्हणाली. "पण माका अंगठ्यो होयो."

सतीशनं विशालच्या हातातली अंगठी काढून घेतली आणि नखानं बूड उचललं. झाकण टपकन सुटलं, बॅटरी त्याच्या तळव्यावर पडली. तो त्या बटणाकडे बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "मामी, जावा तुमी घरोघर." सासूला तो मामी म्हणायचा. बरोबर मात्र कुणी निघालं नाही. योगिता आत निघून गेली.

चार वाजेपर्यंत चंद्रावती त्या वाड्यावर फिरली. लोक सणाचे गोड बोलून बसवायचे, चंद्रावती तोंड उघडायची, आणि हसणारी तोंडं मिटायची. पोरं रडली. एकानं मूठ सोडली नाही, त्याच्या आजीनं ती उघडली आणि चंद्रावतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "घे बाबा, दे तिचां तिका, तिका जड झालां." एका घरात पोरानं अंगठी माटोळीत सुपारी आणि रानातल्या कवंडळांच्या मधे बांधली होती, गणपतीच्या डोक्यावर लुकलुकत. माटोळीला हात लावायचा नसतो म्हणून घरधन्यानं कुरकुर केली, शेवटी स्वतःच स्टुलावर चढून काढून दिली. एका घरात नुसतं फूलच मिळालं, बॅटरी नाही. तिथं चंद्रावतीनं जमिनीवर बसून चटया उलट्या केल्या, कोपरे चाचपले. खाटेच्या पायाशी सापडली तेव्हा तिला रडू आलं. घरातली बाई म्हणाली, "रडताय कित्याक, सापडली न्हय?" पण पाणी नाही विचारलं.

डब्यात तेवीस झाल्या. शेवटचं घर मनीषाचं. तिची दीपा दीड वर्षाची, वाड्यावरचं सगळ्यात लहान पोर. मनीषानं कपाटावरून पिशवी काढून चंद्रावतीसमोर पालथी केली. शिट्टी, फुगा, खोडरबर, चॉकलेटचे कागद. अंगठी नाही.

"हिच्या पिशवीत नव्हतीच," मनीषा म्हणाली. "दुसऱ्या पोरांकडली बघून रडत होती, म्हणून माका आठवता."

"आसतलीच."

"नव्हती हो."

"मी माझ्या हातान घातलंय. आठ वर्षां ह्या काम करतंय. पाकीट चोविसाचां, पिशव्यो चोवीस. माझो हात चुकणा नाय."

हे तिनं ज्या ठामपणानं सांगितलं त्यानं मनीषाचा धीर सुटला. दीपा कोपऱ्यात बसून खोकत होती. दोन दिवस खोकत होती, पावसाळी हवा म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. आता सगळ्यांनी लक्ष दिलं. मनीषानं पोरीच्या तोंडात बोट घातलं, पोर ओकली, रडली, जेवायला नको म्हणाली होती ते कुणाला तरी आठवलं. वाडा गोळा झाला. सतीशनं पिकअप काढली आणि मनीषा, तिचा नवरा आणि दीपा म्हापशाच्या इस्पितळात गेली. गाडी वळली तेव्हा दीपा आईच्या खांद्यावरून चंद्रावतीकडेच बघत होती.

चंद्रावती डबा पोटाशी धरून लेकीच्या घरासमोर आली. योगिता दारात उभी होती, पण तिच्यापुढं विहीणबाई होती.

"पोरीचा पोट फाडूक लागला तर तुमचां वजें आमच्या जन्माक पुरताला," विहीण म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमी आता जावा."

चंद्रावतीनं योगिताकडे पाहिलं. योगितानं खाली पाहिलं.

परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारच्या बाकावर कुणीतरी गणपतीच्या घरून आलेल्या नेवऱ्या खात होतं. चंद्रावती खिडकीकडे तोंड करून बसली. देवा, ती पोर वाचू दे, एवढंच ती परत परत म्हणत होती, आणि मधूनच तिच्या मनात येत होतं की आपण शिट्ट्या ओठाला लावून बघत बसलो आणि खरं विष रिबीन बांधून वाटलं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. पाणंदीपलीकडे दिराकडे घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरती चालली होती. तिनं देवापुढं दिवा लावला. बल्ब लावला नाही, चूल पेटवली नाही. टोपल्याखाली कोंबडी नव्हती. इतकं एकटं तिला आनंदा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं, त्या दिवशी निदान घरात माणसं होती. ती जनेलापाशी बसली आणि सवयीनं, काही मनात न आणता, सणाच्या धांदलीनंतर पहिल्यांदाच, कोनाड्यातली अंगठी घेऊन बोटात घातली आणि दाबली.

भिंत लख्ख झाली. लाल, हिरवा, निळा, अगदी छपराच्या वाशांपर्यंत.

चंद्रावती बघत राहिली. मे महिन्यातली अंगठी एवढा उजेड देईल? ती तर आषाढापासूनच मिणमिणत होती. आणि मग तिला वीज गेली ती वेळ आठवली. जुनी अंगठी तेव्हाच विझली होती. दाबून दाबून लागेना, म्हणून तिनं ती खाली टाकली होती आणि पाकिटात हात घालून एक नवी बोटात चढवली होती, पिशव्या भरायला उजेड हवा म्हणून. पाकीट रिकामं झालं होतं. शेवटच्या पिशवीत अंगठी गेलीच नव्हती. ती उठली आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या पिशव्या हलवल्या. जुनी अंगठी तिथं पडली होती, मेलेली.

मनीषा खरं बोलत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तोही दुसऱ्याच्या गावाला, चवथीच्या दिवसात. वाड्यावर हेच म्हणतील. योगिताच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत म्हणत राहतील. गप्प बसावं, असं तिला वाटलं, खोटं कशाला सांगा. पोट तपासतील, काही सापडणार नाही, पोर घरी येईल. कुणाला कधी कळणार नाही. पण म्हापशाच्या इस्पितळात त्या लेकराला आत्ता कुठल्या टेबलावर निजवलं असेल, कसली नळी घशात घालत असतील, तेही तिच्या शब्दावर, माझो हात चुकणा नाय या तिच्या शब्दावर. तिनं फोन लावला.

योगितानं उचलला नाही. तिनं परत लावला. पाचव्यांदा योगिता म्हणाली, "काय आई?"

"दीपाचा काय झाला?"

"फोटो काढलो. बॅटरी दिसणा नाय, पण प्लास्टिकाचो तुकडो फोटोत येणा नाय म्हणतत. डॉक्टर म्हणता, रातभर ठेवूया, सकाळी नळी घालून बघूया. तिची आवस रडता थंय."

"घालू नको म्हण. तिच्या पोटात काय नाय. चोविसावी माझ्याकडे आसा."

आता ही फोन ठेवते, असं चंद्रावतीला वाटलं.

"तुझ्याकडे? घरात?"

"माझ्या बोटात."

"बोटात कशी?"

चार वर्षं चंद्रावतीनं लेकीला फोनवर एकच सांगितलं होतं, माझं बरं चाललंय. आज ते तोंडातून निघेना. "दिवेलागणीक लावन बसतंय," ती म्हणाली. "वीज गेली तेव्हा जुनी विझली, म्हणून नवी काढलंय, आणि ध्यानात रवला नाय. रोज बसतंय गो. भिंतीर रंग फिरतत. घरात दुसरा कोण नाय. विशाल आसल्यासारखां वाटता."

मग योगिता म्हणाली, "आई, ती आधी बोटातली काढ. काढलंस?"

"काढतंय."

"मी दीपाच्या आजयेक सांगून येतंय. ती इस्पितळात फोन करतली. तू फोन ठेवू नको."

योगितानं फोन कुठंतरी ठेवला, बहुतेक सोप्यावर. चंद्रावतीनं आपला फोन खांदा आणि कानामधे धरला, अंगठीचं बूड नखानं उचललं, बॅटरी तेविसांच्या डब्यात टाकली आणि झाकण दाबून बसवलं. घर काळोखं झालं. देवापुढचा दिवा काय तो होता.

कानात मुळगावचं घर ऐकू येत होतं. योगिता कुणाला तरी सांगत होती, भराभर. मग विहीणबाईचा आवाज, फोनच्या अगदी जवळ.

"गप रवली आसती तर कोणाक कळला आसता?"

"ती रवली नाय," योगिता म्हणाली.

मग पावलं वाजली, लांब गेली. कुणीतरी भांडं पाडलं. विशाल माझी अंगठी खंय, माझी अंगठी खंय म्हणून रडत होता आणि इस्पितळातून परतलेला सतीश त्याला काहीतरी खोटं सांगून समजावत होता. घुमट वाजायला लागलं, आरती सुरू झाली, झांजा, माणसांचे आवाज, बायकांचे आवाज. त्यात योगिताचा कुठला ते चंद्रावतीला ओळखता येईना.

योगिता फोनवर परत आली नाही. बहुतेक गडबडीत विसरली. चंद्रावतीनं फोन ठेवला नाही. ती काळोखात बसून आरती संपेपर्यंत ऐकत राहिली.